बसून चालवायचं कोळशाचं छोटं इंजिन: पाणी राखणं, विस्तव राखणं

हे रुळांवर माणसं ओढणाऱ्या, वाफेच्या छोट्या रेल्वे इंजिनाबद्दल. पाच इंची गेजच्या (रुळांमधलं अंतर पाच इंच) छोट्या टँक इंजिनाच्या, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच असलेल्या इंजिनाच्या, बॉयलरमध्ये साधारण दोन ते चार लिटर पाणी मावतं आणि भट्टीत दोन-तीन ओंजळी कोळसा. मोठ्या इंजिनात जे असतं ते सगळं इथेही असतं: भट्टीतला गरम धूर ज्यांतून जातो अशा नळ्यांचा बॉयलर, जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, पुढे-मागे दिशा ठरवणारा रिव्हर्सर. नसते ती फक्त शिल्लक. मोठ्या इंजिनावर आग विझत चालली तर फायरमनला सावरायला वेळ मिळतो. इथे चढावर जोरात ओढताना पाण्याची (बॉयलरमधली पातळी दाखवणारी) अर्धी काच तीन-चार मिनिटांत रिकामी होऊ शकते, आणि ब्लोअर (चिमणीत वाफ सोडून आगीला ओढ देणारा झोत) उघडायला विसरलात तर तेवढ्यातच आग काळी पडते. पुढच्या सगळ्या सूचना या कमी वेळाभोवतीच फिरतात.

इंजिन निवडताना

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. माणसं ओढणारी कोळशाची इंजिनं मुख्यतः तीन गेजांत असतात: साडेतीन इंची (८९ मिमी), पाच इंची (१२७ मिमी) आणि सव्वासात इंची (१८४ मिमी). उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागात सव्वासातऐवजी साडेसात इंच चालतं, म्हणून इंजिन घेण्याआधी ज्या रुळांवर चालवणार ते मोजून घ्या. ४५ मिमी गेजवरही कोळशाची इंजिनं आहेत, पण त्यांची भट्टी इतकी चिमुकली असते की पहिल्या इंजिनासाठी तो रस्ता धरू नये.

साडेतीन इंची इंजिन उचलायला सोपं, पण आग राखायला हट्टी. सव्वासात इंचीची आग शांत असते, मात्र ते हलवायला ट्रेलर, उतरती फळी आणि विंच लागते. सुरुवातीला पाच इंची, चार किंवा सहा चाकांचं टँक इंजिन घ्यावं हे आमचं स्पष्ट मत. वजन चाळीस ते ऐंशी किलोच्या घरात, दोघांनी उचलायचं. सपाट रुळावर तीन-चार मोठी माणसं ते सहज ओढतं.

जुनं इंजिन घेत असाल तर रंग, पितळी पट्ट्या आणि नंबरप्लेट शेवटी बघा. आधी बॉयलरचे कागद मागा आणि कागदावरचा क्रमांक बॉयलरवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. मग प्रत्येक चाक वर-खाली आणि आडवं हलवून ॲक्सलबॉक्स (ॲक्सल धरणारी बेअरिंगची घरं) किती खिळखिळे झाले आहेत ते बघा. जोडीच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर पाच इंची गेजला ११९ मिमी असावं लागतं. ते कमी-जास्त असेल तर रूळ बदलण्याच्या सांध्यांवर इंजिन उतरत राहील. इंजिन थंड असल्यापासून तुमच्यासमोर पेटवायला सांगा. वाफ धरल्यावर रेग्युलेटर बंद ठेवून सिलिंडरचे ड्रेन कॉक (आत साचलेलं पाणी सोडायचे नळ) उघडायचे. तिथून वाफ येत राहिली तर रेग्युलेटर गळतो आहे. असं इंजिन उभं असताना आपोआप चालू लागतं, म्हणून ही गळती किरकोळ समजू नका.

बॉयलरची चाचणी

साडेतीन आणि पाच इंचीचे बॉयलर बहुधा तांब्याचे, चांदीच्या डागाने जोडलेले असतात. सव्वासात इंचीत वेल्डिंग केलेले पोलादी बॉयलर जास्त दिसतात. चालू दाब, म्हणजे इंजिन ज्या दाबावर चालवायचं तो, साधारण ८० ते १०० पाउंड, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पाउंड. ९० पाउंडला, म्हणजे सहा बारच्या थोडं वर, आतलं पाणी १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. दाब एकदम सुटला तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. खरा धोका या कोंडलेल्या गरम पाण्यात असतो.

नव्या बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी चालू दाबाच्या दुपटीवर घेतात, नंतरच्या चाचण्या दीडपटीवर. बॉयलर काठोकाठ भरून, आतली हवा पूर्ण बाहेर काढून, हातपंपाने दाब चढवायचा आणि तो ठरलेला वेळ टिकतो का, कुठे पाझर किंवा फुगवटा आहे का, ते पाहायचं. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे एखादा जोड सुटला तरी थोडं पाणी उडून दाब संपतो. याच कारणाने कॉम्प्रेसरच्या हवेने ही चाचणी कधीही करू नये. दबलेली हवा सुटली की बॉयलरचे तुकडे उडतात.

दुसरी चाचणी वाफेवरची. ब्लोअर पूर्ण उघडा, आग भरपूर, रेग्युलेटर बंद, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटू द्यायचे. दाब चालू दाबाच्या दहा टक्क्यांहून वर गेला तर व्हॉल्व्ह अपुरे आहेत. प्रेशर गेजही (दाबमापक) खात्रीच्या दाबमापकाशी ताडून घ्यावा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत क्लबांच्या लेखी नियमावल्या आहेत आणि त्यांत मुदती ठरवून दिल्या आहेत. तुमच्या रुळांवर जो नियम लागू असेल तोच पाळायचा. सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू स्वतः फिरवून "थोडा जास्त दाब" घेण्याचा मोह ज्याला होतो त्याने हा छंद सोडलेला बरा.

पाणी

पावसाचं गाळलेलं पाणी सर्वांत चांगलं. कठीण पाण्याचे क्षार नळ्यांवर आणि भट्टीच्या छतावर बसतात, उष्णता अडते, आणि सुटलेल्या खपल्या इंजेक्टर नि झडपांत अडकतात. टाकीत पाणी घालताना बारीक जाळीतून घाला. एक पान, एक केस इंजेक्टर बंद पाडायला पुरतो.

बॉयलरमध्ये पाणी घालायचे किमान दोन स्वतंत्र मार्ग हवेत. बहुतेक इंजिनांत ॲक्सलवर चालणारा पंप, हातपंप आणि इंजेक्टर यांपैकी दोन किंवा तिन्ही असतात. ॲक्सल पंप इंजिन चालू असतानाच पाणी देतो, आणि त्याचा बायपास व्हॉल्व्ह बंद केला की पाणी बॉयलरकडे जातं, उघडला की टाकीत परत येतं. नवखे हे नेमकं उलटं समजतात आणि बायपास "उघडून" पाणी चढायची वाट बघत बसतात.

इंजेक्टरचा शोध आन्री जिफार यांचा, १८५८ चं पेटंट. वाफेच्याच झोताने त्याच बॉयलरमध्ये पाणी ढकलण्याची ही युक्ती आजही अनेकांना जादू वाटते. वापरायची रीत ठरलेली आहे. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून धार येऊ द्या. मग वाफेचा व्हॉल्व्ह झटकन पूर्ण उघडा. धार तुटली आणि बारीक सूर लागला की पाणी आत जातंय. नळीतून थेंब पडत असतील तर पाणी किंचित कमी करा. वाफ फुसफुसत असेल तर वाढवा. बंद करताना आधी वाफ, मग पाणी.

इंजेक्टर चालेना तर आधी हात लावून बघा. टाकीतलं पाणी कोमटाच्या पुढे, पस्तीस-चाळीस अंशांवर गेलं असेल तर वाफ नीट थिजत नाही आणि झोत तुटतो. दुसरी शंका पाण्याच्या नळीच्या जोडातून शिरणाऱ्या हवेची, तिसरी आतल्या शंकूंवर बसलेल्या क्षारांची. शंकू काढून काही तास व्हिनेगरमध्ये ठेवा आणि धुवा. तार घालून कोरू नका. भोक केसभर जरी वाढलं तरी इंजेक्टर कायमचा बिघडतो. आणि इंजेक्टरचा अंगचा भागच तापलेला असेल तर बॉयलरवरची चेक झडप (पाणी उलटं येऊ न देणारी) गळते आहे. लाकडी दांड्याने झडपेच्या अंगावर हलकी टिचकी मारली की अडकलेली गोळी बऱ्याचदा जागेवर बसते.

आता पाण्याची काच. या इंजिनावर सगळ्यात जास्त वेळा नजर जावी ती हिच्याकडे. चालत्या इंजिनात काचेतलं पाणी थोडं नाचतं. ते अगदी स्थिर दिसलं तर खालची किंवा वरची वाट बुजली असण्याची शक्यता आहे. तपासणी अशी: काचेचा निचरा कॉक क्षणभर उघडा, पाणी आणि वाफ जोरात निघाली पाहिजे, बंद करताच पाणी झपकन मूळ पातळीवर परतलं पाहिजे. ते रेंगाळत वर आलं तर वाट अर्धी बुजली आहे. ही परीक्षा दर वेळी वाफ धरल्यावर, आणि चालवताना अधूनमधून, करायचीच.

काठोकाठ भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच सारखीच दिसते, यात भले भले फसतात. काचेमागे तिरप्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पत्री लावून घ्या. जिथे पाणी आहे तिथे त्याच पट्ट्या उलट्या बाजूला तिरप्या दिसतात, आणि पातळी चालत्या इंजिनावरूनही एका नजरेत कळते.

चढ-उताराचंही भान ठेवा. काच मागे, भट्टीच्या बाजूला असते. चढताना पाणी मागे सरकतं, काच भरलेली दिसते. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे जातं आणि भट्टीचं छत उघडं पडू शकतं. चढावर अर्धी काच दिसली म्हणजे अर्धं पाणी आहे असं धरू नका.

पाणी काचेतून खाली नाहीसंच झालं आणि निचरा उघडल्यावर नुसती वाफच येत असेल तर पाणी घालायचं नाही. ब्लोअर बंद, राखपेटीची झडप बंद, आणि राखपेटीची पिन (जाळी नि राखपेटी धरून ठेवणारी) ओढून आग ताबडतोब खाली पाडा. तापलेल्या उघड्या तांब्यावर पाणी पडलं की एकदम वाफ होते आणि जोडांना धक्का बसतो. आगीवर पाणी ओतणंही त्याच कारणाने टाळा. इंजिन आपोआप निवू द्या, आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. ही पिन हाताशी येते का, सहज निघते का, हे इंजिन थंड असतानाच तपासून ठेवायचं.

कोळसा

कमी धुराचा, फारसा चिकट न होणारा स्टीम कोल मिळाला तर उत्तम. अँथ्रासाइट स्वच्छ जळतो, पण पेटायला कठीण, आणि ओढ कमी पडली की रुसतो. मऊ, धुराचा कोळसा लगेच पेटतो पण लांब ज्वाळा आणि काजळी देतो. नळ्या एका दुपारीत बुजतात. अँथ्रासाइटमध्ये थोडा मऊ कोळसा मिसळणं हा चांगला तोडगा आहे.

आकार साडेतीन इंचीला वाटाण्याएवढा, पाच इंचीला सुपारीएवढा, सव्वासातला अक्रोडाएवढा. फोडून झाला की चाळणीने चाळा आणि चुरा काढून टाका. चुरा भट्टीत टिकत नाही. झोताबरोबर उडून नळ्यांत जातो किंवा जाळीच्या फटी बुजवतो. चाळलेला कोळसा एकदा पाण्यातून काढून सुकवला तर हातही स्वच्छ राहतात.

पेटवणं

बंद खोलीत पेटवू नका. धुरापेक्षा कार्बन मोनॉक्साइड जास्त घातक, आणि त्याला वास नसतो.

आदल्या दिवशी सुपारीएवढे लाकडी कोळशाचे तुकडे झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये भिजत घाला. पेट्रोल कधीही नाही. सकाळी नळ्यांतून ब्रश फिरवा, स्मोकबॉक्समधली (चिमणीखालच्या धुराच्या पेटीतली) राख काढा, जाळी आणि राखपेटी मोकळी करा, पिन पक्की बसवा. बॉयलर अर्ध्या काचेच्या थोडा वर भरा. तापताना पाणी सुमारे दहा टक्के फुगतं, म्हणून काठोकाठ भरण्यात अर्थ नाही. रेग्युलेटर बंद, रिव्हर्सर मधोमध, ब्रेक लावलेला, ड्रेन कॉक उघडे.

मग तेल. सिलिंडरसाठी स्टीम ऑइल, म्हणजे ४६० किंवा ६८० ग्रेडचं, वाफेच्या पाण्यात न धुपणारं घट्ट तेल. मोटारीचं तेल तिथे टिकत नाही. दांडे, बेअरिंग, ॲक्सलबॉक्स, एक्सेंट्रिक (ॲक्सलवरची, वाफेची झडप हलवणारी चकती) यांना पातळ यंत्रतेल, ६८ ते १०० ग्रेडचं. प्रत्येक भोकात एक-दोन थेंब पुरतात. चाकांच्या कडेवर तेल सांडलं तर पुसून काढा, नाहीतर निघताना इंजिन जागच्या जागी घसरत राहील.

चिमणीवर विजेचा छोटा शोषण-पंखा बसवा. भिजवलेले दोन फावडी कोळसे जाळीवर पसरा, एक तुकडा चिमट्यात पेटवून आत टाका, पंखा सुरू करा. भट्टीत पिवळ्या ज्वाळा धरल्या की कोरडा लाकडी कोळसा घालून भट्टी अर्धी भरा. तो लाल झाला की दगडी कोळसा थोडा थोडा. पाच इंचीला पंधरा-वीस मिनिटांत प्रेशर गेजचा काटा हलतो.

वीस-तीस पाउंड झाले की इंजिनाचा स्वतःचा ब्लोअर उघडा आणि मगच पंखा काढा. आधी पंखा काढून मग ब्लोअर शोधत बसलात तर तेवढ्या क्षणात धूर भट्टीच्या दारातून तोंडावर येतो. पंखा तापलेला असतो, हातमोजे घाला. चाळीस-पन्नास पाउंडांवर काचेची परीक्षा, हातपंपाचे चार-पाच फटके, इंजेक्टर एकदा चालवून पाहणं, हे सगळं उरकून घ्या. पाणी घालायचे दोन्ही मार्ग चालतात याची खात्री झाल्याशिवाय इंजिन रुळावर न्यायचं नाही. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह प्रेशर गेजच्या लाल रेषेवर, म्हणजे चालू दाबाला, सुटतो का ते पाहा.

रुळावर

थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ पाणी होते, आणि पाणी दबत नाही. म्हणून ड्रेन कॉक उघडे ठेवून, रिव्हर्सर पूर्ण पुढे, रेग्युलेटर अगदी हळू. चाकं सात-आठ फेरे फिरली आणि कॉकमधून पाण्याऐवजी कोरडी वाफ येऊ लागली की कॉक बंद. ही घाई केली की सिलिंडरचं झाकण फुटतं किंवा दांडा वाकतो. वेग आला की रिव्हर्सर हळूहळू मधल्या खुणेकडे आणा; झडप लवकर बंद होते, वाफ प्रसरण पावून काम करते, पाणी आणि कोळसा दोन्ही वाचतात. निघतानाच तसं केलं तर मात्र इंजिन हलणारच नाही.

आगीची ओढ येते ती वापरलेल्या वाफेच्या झोतातून. चिमणीत मारलेला हा झोत आणि बॉयलरभर बारीक नळ्या, हीच जोडी १८२९ च्या रॉकेट इंजिनात होती आणि आपल्या इंजिनातही तीच आहे. यातून एक नियम निघतो: रेग्युलेटर बंद करण्याआधी ब्लोअर उघडायचा. झोत थांबला आणि ब्लोअर बंद असला तर आगीची जीभ दारातून बाहेर येते, आणि चालक दाराच्या जवळच बसलेला असतो.

कोळसा थोडा थोडा आणि वारंवार घाला. पाच इंचीत थर चार-पाच सेंटिमीटरचा, साधारण दाराच्या खालच्या कडेला येईल इतका. एका वेळी लहान फावडं, जिथे आग जास्त पांढरी दिसेल तिथे, आणि मागचे दोन कोपरे विसरायचे नाहीत. कोपऱ्यात भोक पडलं तर थंड हवा थेट नळ्यांत शिरते. आग झगझगीत दिसते आणि काटा तरी उतरत राहतो. घातल्यावर दार किंचित उघडं ठेवलं तर धूर जळून जातो, मग पूर्ण बंद करा. चिमणीवर थोडा वेळ पातळ करडा धूर दिसला आणि मग विरला तर माप बरोबर आहे.

वेळही साधायला लागते. चढ लागण्याच्या आधी आग तयार हवी, चढावर नव्हे. कारण ताजा कोळसा आधी उष्णता खातो. पाणी घालायला सर्वांत चांगला क्षण म्हणजे आग तेजस्वी, काटा लाल रेषेच्या जरा खाली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटायच्या बेतात. दाब आधीच उतरलेला असताना एकदम भरपूर थंड पाणी सोडलं तर तो आणखी पंधरा-वीस पाउंड पडतो, आणि मग घाबरून कोळसा लोटला की आग गुदमरते. अशा वेळी थांबा. ब्लोअर उघडा, दार बंद, दोन मिनिटं काहीही घालू नका. पाणी काचेत असेपर्यंत थांबणं कधीच चुकीचं नसतं.

रिव्हर्सर उलटा फिरवून थांबवू नका. ब्रेक मागच्या चालक-ट्रॉलीवर असतो आणि तोच वापरायचा. प्रवासी बसलेले असताना उतारावर वेग आधीच कमी करा.

बिघाड ओळखताना

वाफ धरत नाही ही सगळ्यात नेहमीची तक्रार. नळ्या साफ आहेत आणि कोळसा बरा आहे, तरीही आग मलूल? मग स्मोकबॉक्समध्ये हवा शिरते आहे का ते पाहा. ब्लोअर चालू ठेवून पेटती मेणबत्ती स्मोकबॉक्सच्या दाराच्या कडेने आणि वाफेच्या नळ्या जिथे त्यात शिरतात तिथून फिरवा. ज्योत आत खेचली गेली ती जागा बंद करा. तरीही फरक नसेल तर झोताची नळी चिमणीच्या बरोबर मध्याखाली आहे का ते सरळ सळई टाकून तपासा. ती दोन-तीन मिलिमीटर जरी कललेली असली तरी झोत एका बाजूला आदळतो आणि ओढ मरते. नळीच्या तोंडावर जळक्या तेलाचा थरही बसतो, तो खरवडून काढा. ब्लोअरची भोकं अतिशय बारीक असतात आणि तशीच बुजतात.

आग जाळीवर वितळलेल्या राखेच्या पोळीने झाकली गेली असेल तर तो क्लिंकर, वीटभट्टीतल्या खंगरासारखा. पातळ सळई खालून किंवा दारातून सरकवून तो हलके उचला. पूर्ण आग ढवळू नका. राख वर येऊन आणखी वितळते.

चिमणीतून पाण्याचे शिंतोडे उडाले आणि इंजिनाचा ठोका जड झाला तर बॉयलरमधून पाणी सिलिंडरकडे जातंय. बॉयलर जास्त भरलेला, पाणी घाण झालेलं, किंवा रेग्युलेटर झटक्याने उघडला, या तिन्हीपैकी काहीतरी असतं. रेग्युलेटर कमी करा, ड्रेन कॉक उघडा, काच खाली येऊ द्या. टाकी साबणाने धुतली असेल आणि नीट विसळली नसेल तर फेसामुळे हेच होतं.

ठोक्यांकडे कान असू द्या. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार सारखे ठोके देतं. एक ठोका ढिला किंवा लवकर येत असेल तर एक्सेंट्रिक सरकला आहे किंवा झडपेचा नट ढिला झाला आहे. ठोक्यांमध्ये अखंड "फस्स" ऐकू येत असेल तर झडप किंवा पिस्टनची रिंग गळते आहे. आणि चिमणीच्या काठावर बोट फिरवा: तेलाचा हात लागला पाहिजे. अर्ध्या तासाने काठ कोरडा असेल तर ल्युब्रिकेटर (सिलिंडरला तेल पुरवणारा पंप) चालत नाही आहे. त्याची रॅचेट फिरते का ते पाहा आणि तोवर इंजिन पुढे नेऊ नका. कोरड्या सिलिंडरला ओरखडे पडायला एक फेरी पुरते.

दिवस संपल्यावर

शेवटच्या फेरीत कोळसा घालणं थांबवा आणि आग खाली जाऊ द्या. मग बॉयलर पाऊण काच भरून राखपेटीची पिन ओढा आणि आग धातूच्या बादलीत पाडा. राख तासन् तास गरम राहते. प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा गवतावर टाकू नका. वीस-तीस पाउंड उरले असताना ब्लोडाउन व्हॉल्व्हने (बॉयलरच्या खालच्या बाजूचा, पाणी सोडून द्यायचा) बॉयलर रिकामा करा म्हणजे गाळही निघून जातो. झोत जाईल त्या दिशेला कोणी उभं नाही ना, हे आधी बघा. पूर्ण रिकामा झाला की एखादा वरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, नाहीतर उरलेली वाफ थिजून आत पोकळी होते आणि झडपांतून घाण ओढली जाते.

इंजिन कोमट असतानाच नळ्या ब्रशने साफ करा आणि स्मोकबॉक्स झाडा. कोळशाच्या राखेत गंधक असतो. ओल लागली की आम्ल बनून स्मोकबॉक्सचा पत्रा आतून खातो. सिलिंडरमध्ये थोडं स्टीम ऑइल घालून इंजिन हाताने पाच-सहा फेरे पुढे-मागे ढकला. कडाक्याची थंडी पडत असेल तर टाकी, पंप, इंजेक्टर आणि त्यांच्या नळ्या प्रत्येक जागी सोडवून रिकाम्या करा. चमचाभर पाणी गोठलं तरी पंपाचं अंग चिरतं.

दांडे तेलाच्या फडक्याने पुसा. चिमणीवर टोपण ठेवा, म्हणजे ओल आत उतरणार नाही. आणि रेग्युलेटरच्या दांड्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा: "बॉयलर रिकामा, वरचा व्हॉल्व्ह उघडा."